वंदनाबाईंचा काटा आणि पिवळी गाडी

आष्टीत वंदनाबाईंना नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नाही. तोंडावर "ताई" म्हणतात, माघारी "काटेवाली". आणि ज्यांचा माल कधी मनासारखा भरला नाही ते आणखी काय काय म्हणतात, ते इथं सांगण्यासारखं नाही. बाईला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "काट्यावर बसलं की शिव्या खायाच लागत्यात. सगळ्यायला खूश ठेवायचं असतं तर पेढ्याचं दुकान टाकलं असतं की."

परतूरच्या रस्त्याला, गाव संपता संपता तिचा वजनकाटा आहे. आख्खा ट्रक उभा राहील एवढा, जमिनीपासून वीतभर वर बसवलेला लोखंडी पाट, त्यावर चढायला उतार, शेजारी एक खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीच्या वर लाल आकड्यांची पाटी. गाडी पाटावर चढली की आकडे पळायला लागतात आणि थोडं इकडंतिकडं करून एका जागी थांबतात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, 'भुजंग वजनकाटा'. भुजंग म्हणजे बाईचा नवरा. चार वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेतच गेला बिचारा. तेरा दिवस काटा बंद होता. चौदाव्या दिवशी सकाळी बाईनं खिडकी उघडली तेव्हा लोक म्हणाले, "आता बाई काटा चालवणार व्हय?" अरे, काटा काय मिशांनी चालतो का? पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

भुजंगानं तिला काम शिकवलं नव्हतं. तिनं ते बघून बघून उचललं होतं. गाडी भरलेली आली की भरलेली मोजायची आणि माल उतरवून आली की रिकामी मोजायची. रिकाम्या गाडीचं वजन कागदावर छापलेलं असतं, ते कधीच धरायचं नाही. "कागदावरची गाडी अन् रस्त्यावरची गाडी या दोन सवती हायेत," असं भुजंग म्हणायचा. ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुकारा. माल विकत घेणाऱ्यानं स्वतः खिडकीशी यायचं, लाल आकडा वाचायचा आणि शेतकऱ्याला ऐकू जाईल असा मोठ्यानं पुकारायचा. मगच पावती छापायची. मुका आकडा छापायचा नाही, हा भुजंगाचा नियम. पुकारला म्हणजे घेणाऱ्यानं कबूल केला, मागाहून कुरकुर नाही.

पुकारावा तर ओमप्रकाशनंच. आष्टीतला सगळ्यात मोठा कापूसवाला तो, भुजंगाचा जिवाभावाचा दोस्त. त्याचा आवाज असा खणखणीत की, "चार हजार एकशे वीस, बराबर!" म्हणाला की पलीकडच्या हॉटेलातला चहावाला मान वर करायचा. पण भुजंग गेला आणि ओमप्रकाश खिडकीशी यायचा बंद झाला. त्याच्या जागी त्याचा मुनीम यायचा. तोही पुकारायचा नाही, नुसती मान हलवायचा आणि म्हणायचा, "हं, छापा." दोस्ताच्या खिडकीत दोस्ताची बायको बसलेली बघवत नव्हती, का बाईमाणसासमोर पुकारायला कमीपणा वाटत होता, देव जाणे. बाईनं कधी विचारलं नाही. पण प्रत्येक "हं, छापा" तिला लागायचं. चार वर्षं लागत होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर प्रकरण त्याच्याही पुढं गेलं. ओमप्रकाशचा कापूस आष्टीत मोजला की जेवढा भरायचा, तेवढा जालन्याच्या फॅक्टरीत भरेना. गाडीमागं दीड क्विंटल, कधी दोन क्विंटल तूट. माणूस वाईट नव्हता, पण तूट कुणाला गोड लागते? आधी त्याला मुनिमाचा संशय आला, मग ड्रायव्हरचा, आणि शेवटी काट्याचा. हॉटेलात बसून तो म्हणू लागला, "काटा जड दाखवून राह्यला. बाईच्या हातात गेल्यापासून त्याच्यावर ध्यान न्हाई कुणाचं." मग सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं की सोमवारपासून गाड्या सरकी काढायच्या जिनिंगशेजारच्या नव्या काट्यावर न्यायच्या.

हे बाईच्या कानावर आलं. गाड्या गेल्या तर काटा बंद पडणार, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे भिंतीवर भुजंगाचं नाव होतं. काटा खोटा म्हटला की मेलेला माणूस खोटा ठरत होता. तो तर उठून सांगायला येणार नव्हता.

आणि तिच्या मनात एक काटा आणखी सलत होता, जो तिनं कुणाला दाखवला नव्हता. रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं पाटाच्या चारही कोपऱ्यांवर फिरवून बघायची, हा भुजंगाचा शिरस्ता. प्रत्येक कोपऱ्यात दोनशे दिसलं पाहिजेत. त्यानं मोडला नाही, तिनंही चार वर्षं मोडला नाही. पण यंदा तिचा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना, वेणी घालता येईना. आठ दिवस तिनं वजनं फिरवलीच नव्हती. 'काय होतंय आठ दिसांत,' असं स्वतःला समजावलं होतं. आता तेच आठ दिवस छातीवर बसले. खरंच काटा बिघडला असला तर? ओमप्रकाशचं खरं असलं तर?

अशात भाऊबीजेला ओमप्रकाशचा पुतण्या आर्यन पुण्याहून आला, तो पिवळीधमक गाडी घेऊन. परदेशी कंपनीची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला चिकटलेली. जुनी घेतलेली होती, पण गावाला त्याचं काय? आख्खी आष्टी बघायला लोटली. "एवढ्या पैशात चार ट्रॅक्टर आले असते," असं म्हणणारे म्हणाले आणि तरी हात लावून गेले. आर्यन सगळ्यांना सांगत होता की ही गाडी पळते कारण ती हलकी आहे. कंपनीच्या चकचकीत पुस्तकात वजनच छापलंय, चौदाशे पंचवीस किलो. तेराशे म्हणत नाहीत, चौदाशे म्हणत नाहीत, बरोबर चौदाशे पंचवीस!

हे ऐकलं आणि ओमप्रकाशच्या डोक्यात ट्यूब पेटली. "अरे, मंग काट्याची परीक्षा घ्यायला याच्यापरीस पक्कं वजन कोणतं? फॉरेनची कंपनी हाय. त्यायच्या पुस्तकात एका किलोचा फरक पडायचा न्हाई. चला, चढवा गाडी!"

आता बोला! वर्षाला सरकारी साहेब येतो, लोखंडी वजनं लावून काट्याला शिक्का मारतो, ते सोडून आष्टीकर मोटारीच्या पुस्तकावरून काट्याची परीक्षा घ्यायला निघाले. पण गावाला एकदा हुक्की आली की तिला आवर नसतो. भर दुपारी दीडशे माणूस काट्यावर जमलं.

वंदनाबाई खिडकीत बसलेली होती. पुढं पिवळी गाडी, मागं जत्रा. ओमप्रकाश खिडकीशी आला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, राग मानू नका. एकदा निकाल लागून जाऊ द्या. चौदाशे पंचवीस भरली तर माझा शब्द मागं. न्हाई भरली तर सोमवारपासून आमच्या गाड्या तिकडं."

बाईनं आवाज साधाच ठेवला. "चढवा, भाऊ. पण सावकाश. नाक घासंल."

घासणारच होतं. पाटावर चढायच्या उतारावर गाडीचं नाक टेकायला लागलं, तेव्हा आर्यनचा जीव खालीवर झाला. बाईच खोलीतून दोन फळ्या घेऊन आली आणि चाकांखाली टाकल्या. गाडी गोगलगायीच्या चालीनं वर चढली. बाईनं फळ्या काढून बाजूला ठेवल्या, आर्यनला म्हणाली, "बाबा, तू बी उतर खाली. तुझं वजन तुझ्यापाशी." लोक हसले. आर्यन उतरला. बाई आत गेली आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

लाल आकडे पळाले, थबकले, थांबले.

ओमप्रकाशनं पुकारलं. त्याच जुन्या खणखणीत आवाजात, पण आता त्यात विष होतं. "पंधराशे चाळीस! ऐकलं का रे? पंधराशे चाळीस! कंपनीची चौदाशे पंचवीस अन् बाईचा काटा म्हणतो पंधराशे चाळीस! एकशे पंधरा किलो जास्ती!"

गलका उठला. दोन माणसांचं वजन हवेतून आलं का, असं कुणी म्हणालं. एकजण म्हणाला, दीड टनाला एकशे पंधरा, तर दहा टनाच्या गाडीला किती, करा हिशेब! चार वर्षं तिच्या पावत्या घडी करून खिशात घालणारी माणसं अशी बघायला लागली की हिला ओळखतच नाहीत. इतकं वाईट वाटलं बाईला! भुजंग गेला त्या दिवशी तिला रडायला तरी माणसं होती. आता डोळ्यात पाणी आलं असतं तर लोक म्हणाले असते, चोर रडतोय.

गर्दीतून कारभारीतात्या पुढं आला. सत्तरी उलटलेला शेतकरी, भुजंगाच्या बापाच्या वयाचा. "वंदे, पोरी, बोल की काहीतरी. गप का बसलीस?"

बाई खोलीतून बाहेर आली. पदर खोचला. आणि जे बोलायला नको होतं तेच आधी बोलली.

"तात्या, रोज सकाळी मी वजनं फिरवून काटा बघती, हे तुमाला ठावं हाय. पण आठ दिस झाले, खांदा धरला म्हणून मी फिरवली न्हाईत. चूक माझी हाय. काटा बिघडलेला असंल तर मला बी ठावं न्हाई."

सगळे चपापले. ओमप्रकाशसुद्धा. तिला मारायची काठी तिनं स्वतःच त्याच्या हातात दिली होती.

"पण कागदावरून मी काटा खोटा म्हणू देणार न्हाई," ती म्हणाली. "आतमंदी पंचवीस वजनं हायेत, वीस-वीस किलोची, सरकारी शिक्क्याची. माझ्या हातानं लावली तर म्हणताल बाईनं हात मारला. तुमीच लावा. खोटा निघाला तर आत्ताच्या आत्ता कुलूप घालते अन् किल्ली तुमच्या हातात देते. दुसरं कुणी कशाला, मीच बंद करते."

पिवळी गाडी खाली घेतली. पाच-सहा गडी आत गेले आणि लोखंडी वजनं उचलून आणू लागले. प्रत्येक वजनावर शिक्का आहे का, ते ओमप्रकाश स्वतः वाकून बघत होता. पहिल्या कोपऱ्यात दहा ठेवली. दोनशे. दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. दोनशे. तिसऱ्या कोपऱ्याला बाईनं डोळेच मिटले. कुणीतरी म्हणालं, "दोनशे." चौथ्यालाही दोनशे. मग पंचवीसच्या पंचवीस मधोमध रचली आणि पाटीवर पाचशे आले. एक आकडा इकडं नाही, एक तिकडं नाही. बाईनं डोळे उघडले, तेव्हा तिला खांद्याच्या दुखण्याचीही शुद्ध नव्हती.

पण गर्दीचं समाधान होईल तर ती गर्दी कसली? मुनीम म्हणाला, "पाचशेला बराबर हाय, पण वरच्या वजनाला चुकत असंल तर?"

"मंग वजनं पाटावरच ऱ्हाऊ द्या, नुसती कडेला सरकवा," बाई म्हणाली, "अन् गाडी परत चढवा. काटा वर चुकत असंल तर गाडीवर पाचशेचे पाचशे वाढायचे न्हाईत."

पुन्हा फळ्या, पुन्हा गोगलगाय, पुन्हा आर्यन खाली. आकडा थांबला. दोन हजार चाळीस. पंधराशे चाळीस गाडी, पाचशे वजनं. चोख.

काटा बरोबर, मग चुकतंय कोण? ओमप्रकाश चकचकीत पुस्तक हातात धरून त्याकडं टकामका बघत होता. "पण छापलंय की रे इथं. एवढी मोठी कंपनी खोटं कशाला छापंल?"

बाईचं लक्ष आर्यनकडं गेलं. पोरगा गाडीला टेकून खाली मान घालून उभा होता. लाल झाला होता. तिनं खिडकीतून हजारो माणसं बघितली होती. माल ओला करून आणणारा माणूस कसा उभा राहतो, तिला पाठ होतं.

"आर्यन," ती हळूच म्हणाली, "तुला ठावं हाय ना, बाळा?"

आख्ख्या गावासमोर आपल्या लाखमोलाच्या गाडीची शेखी आपणच उतरवायची! पण भुजंगकाकानं लहानपणी याच पाटावर उभं करून त्याला गंमत दाखवली होती, ते आठवलं म्हणा, नाहीतर बाईनं सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली ते मनाला लागलं म्हणा, तो बोलला.

"काकू, काटा खरा हाय. कंपनी वजन सांगती ते कोरड्या गाडीचं. टाकीत पेट्रोल न्हाई, इंजिनात ऑइल न्हाई, पाणी न्हाई. ते पण सगळ्यात हलक्या मॉडेलचं. हलकी चाकं, पातळ सीटा वेगळे पैसे देऊन बसवल्यावर जेवढं भरतं, तेवढं छापत्यात. माझी टाकी फुल हाय. सीटा मोटारीवर हलणाऱ्या, चाकं साधी, स्पीकर मोठे. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुणी वाचत न्हाई. या नादातले लोक गाड्या काट्यावर चढवून बघत्यात. शंभराच्या आतबाहेर जास्ती भरतीच. मला पयलेपासून ठावं होतं."

"मंग आधी का न्हाई बोललास रे?" ओमप्रकाश ओरडला.

"लाज वाटली, काका. हलकी हाय, हलकी हाय म्हणून सगळ्यायला सांगत फिरलो."

कारभारीतात्या पाटाजवळ गेला, गाडीकडं एकदा आणि पुस्तकाकडं एकदा बघितलं. "म्हंजे कसं झालं? नवरदेवाचं वजन सांगायचं ते उपाशीपोटी, अंगावर कापड न ठेवता, अन् वर अंगातलं रगत काढून! अरे, मंग तो बोहल्यावर उभा कसा ऱ्हाणार?"

असा काही हशा पिकला की पलीकडच्या हॉटेलातली माणसं धावत आली. आर्यनही हसला. हसली नाही ती एकटी वंदनाबाई. ती उतारावरच्या फळीवर बसली होती आणि तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. आता ते कुणी बघितलं तरी तिला त्याचं काही नव्हतं.

ओमप्रकाश तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मोठ्या माणसाला माफी मागायची सवय नसते, जीभ वळत नाही.

बाईच बोलली. "भाऊ, तुमची तूट खोटी न्हाई. पण ती काट्यात न्हाई. तुमी माल सकाळी दवात भिजलेला घेता अन् दोन-चार दिस अंगणात पसरून मंग जालन्याला धाडता. कापूस वाळतो, भाऊ. पाणी उडून जातं. मुनिमाला दोनदा सांगितलं मी. तुमी खिडकीशी आले असते तर तुमाला सांगितलं असतं."

त्या शेवटच्या वाक्यात चार वर्षं होती. ओमप्रकाशला ती बरोबर लागली. तो गर्दीतून चालत निघून गेला. मागं वळून बघितलं नाही. लोक म्हणाले, "गेला चिडून. आता सोमवारी बघा." बाईलाही तेच वाटलं. काटा खरा ठरला होता, पण गाड्या येतील का, ते कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस तिला नीट जेवण गेलं नाही.

सोमवारी ती उजाडताच काट्यावर आली. खांदा ठणकत होता. पण तिनं वजनं काढली आणि डाव्या हातानं एकेक ओढत पाटावर न्यायला लागली. तीन झाली, चौथ्याला दम लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी वजनाच्या कडीला हात घातला.

ओमप्रकाश होता. अंगात पांढराशुभ्र सदरा, त्याला लोखंडाचा गंज लागला. त्यानं बिलकुल लक्ष दिलं नाही. बाई बाजूला झाली. त्यानं उरलेली सगळी वजनं स्वतः उचलली आणि चारही कोपऱ्यांवर फिरवली. चारही ठिकाणी दोनशे.

पहिली गाडी कारभारीतात्याची आली, कापसानं भरलेला छोटा टेम्पो. तात्या उतरला, ड्रायव्हर उतरला. बाई आत जाऊन बसली. आकडे पळाले आणि थांबले. तिनं सवयीनं पावतीच्या बटणाकडं बोट नेलं, कारण चार वर्षं आकडा मुकाच छापायची सवय झाली होती. मग तिचं बोट थांबलं.

ओमप्रकाश खिडकीशी उभा होता. भुजंग असताना उभा राहायचा तसाच, चौकटीला डावा हात लावून. त्यानं वर बघितलं. खाकरून त्यानं असं पुकारलं की पलीकडच्या चहावाल्यानं मान वर केली.

"तीन हजार दोनशे साठ! बराबर! छापा, वहिनी."

बाईनं बटण दाबलं आणि पावती त्याच्या हातात दिली.